बाळ ठरल्यानंतरचे आठ महिने कुणाचे?

मोरपंखी | २४ नोव्हेंबर २०२४

आम्ही दोघं मूळचे सांगलीचे, गेली चौदा वर्षं टेक्सासमध्ये. २०२० साली दत्तकासाठी 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नाव नोंदवलं. नवऱ्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं, पण माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, त्यामुळे अनिवासी भारतीय म्हणून आमचा नंबर भारतात राहणाऱ्या पालकांच्या बरोबरीनेच लागतो. चार वर्षं यादी मुंगीच्या पावलांनी सरकली. मध्ये गृहभेटीच्या अहवालाची मुदत संपली, तो पुन्हा करून घेतला. या चार वर्षांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. बाळं थोडी आणि पालक पुष्कळ, तर थांबायचं आम्हीच.

या मार्चमध्ये बाळाची माहिती आली. विदर्भातल्या एका संस्थेतली अकरा महिन्यांची मुलगी, वजन ७ किलो ४०० ग्रॅम. फोटोत ती निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली, जावळ नुकतंच काढलेलं, गालावर तीट, एकाच पायात मोजा. होकार कळवायला ३० दिवस असतात. आम्ही वैद्यकीय अहवाल ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवला आणि चौथ्या दिवशी होकार कळवला.

आज ती एकोणीस महिन्यांची आहे आणि अजून त्याच खोलीत आहे.

आधी अमेरिकन इमिग्रेशनची तात्पुरती मंजुरी, मग दिल्लीच्या अमेरिकन दूतावासाचं पत्र, मग काराचं ना हरकत प्रमाणपत्र. ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. तेव्हापासून दत्तक आदेशासाठी फाइल जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. कायद्यात दोन महिने लिहिलेत. सुनावणीची तारीख मिळाली ती ऐन आचारसंहितेत, मग निवडणुकीच्या कामामुळे ती पुढे गेली, आता नवीन तारीख नाही. आदेश झाला तरी पुढे जन्मदाखला, पासपोर्ट, दत्तक हेग कराराप्रमाणे झाल्याचं अनुरूपता प्रमाणपत्र, व्हिसा.

महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल होतो. गेल्या वेळी ती फोन धरलेल्या मावशींच्या बांगड्या मनगटावरून वर सरकवत होती. मावशी म्हणाल्या, "बघ, आई आली." तिने मान वर करून मावशींकडेच पाहिलं.

माझं म्हणणं असं: बाळ ठरेपर्यंतची वाट आई-बापांनी बघायची असते, ती कितीही लांबो. एकदा बाळ ठरलं की पुढचा प्रत्येक महिना बाळाच्या आयुष्यातून जातो. तिथे मुदत पाळली गेलीच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

---

कडुनिंब

ताई, तुमची तळमळ कळते. तरीही मला हे पटत नाही, आणि का ते सरळच सांगते.

आम्ही नाशिकला राहतो. २०२१ पासून त्याच यादीत आहोत. इथल्या पालकांनी होकार दिला की दत्तकपूर्व संगोपन म्हणून बाळ लगेच घरी येतं, आदेश नंतर होतो. म्हणजे तीच मुलगी इथल्या कुठल्याही घरी आली असती तर एप्रिलमध्येच घरी रांगली असती. तिचे आठ महिने कागदांमुळे गेले म्हणता, पण इतके कागद लागले ते तिला सातासमुद्रापार न्यायचं आहे म्हणून. बाळाचा वेळ हाच निकष धरायचा असेल तर आधी देशातली घरं बघा. दोघांना एकाच रांगेत उभं करणं हाच मुळात अन्याय आहे, आणि तो माझ्यावर नाही, बाळावर आहे.

---

सातपुडा

कडुनिंबताई, रांग एकच आहे कारण दोघंही भारतीय नागरिक आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ५९ मध्ये आधी 'भारतीय किंवा अनिवासी भारतीय' असंच म्हटलंय. ६० दिवसांत यांच्यापैकी कुणाकडे बाळ गेलं नाही, तरच ते परदेशी पालकांसाठी खुलं होतं.

आणि प्रमाण बघा. २०२३-२४ मध्ये देशभरात ४,००९ मुलं दत्तक गेली, त्यातली परदेशात ४४९. त्यातही मोठ्या वयाची, भावंडं असलेली किंवा आजारपण असलेली मुलं बरीच असतात, ज्यांना इथे कुणी होकार देत नाही. आपली रांग लांब आहे त्याचं कारण ही ४४९ मुलं नाहीत. संस्थांमध्ये शेकड्याने मुलं अशी आहेत की ज्यांचे आई-वडील नावापुरते आहेत, वर्षानुवर्षं भेटायला येत नाहीत, आणि म्हणून ती दत्तकासाठी मोकळीच होत नाहीत. राग तिथे काढायला हवा.

---

वाटसरू

मी या विषयात कोर्टाच्या बाजूने काही वर्षं काम केलं आहे. मोरपंखी, तुमच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो: घाई नको.

हे कागद बाबूंनी हौसेने तयार केलेले नाहीत. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दखल घेतली आणि १९८४ मध्ये न्या. भगवतींनी परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. त्याआधी मुलं कशी जात होती ते त्या निकालात वाचा. पुढे परदेशी दत्तकाबद्दलचा १९९३ चा हेग करार आला, भारताने तो २००३ मध्ये मंजूर केला. तरीही आपल्या पुण्यातल्या एका संस्थेचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाला सीबीआयकडे द्यावं लागलं. आई-बाप जिवंत असलेली मुलं पैशासाठी परदेशी धाडल्याचे आरोप होते. पुण्यातूनच जर्मनीला गेलेल्या एका माणसाला आपल्या जन्माचे कागद बघायला मिळावेत म्हणून इथल्या कोर्टांत वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

बाहेरही तेच. नेदरलँड्सने २०२१ मध्ये चौकशी अहवालानंतर परदेशी दत्तक थांबवलं. चीनने या सप्टेंबरमध्ये जवळजवळ पूर्ण बंद केलं. आणि तुमच्या अमेरिकेतच, लहानपणी दत्तक आलेले कित्येक लोक आज साठीला आले तरी नागरिक नाहीत, कारण आई-बापांनी एक अर्ज भरला नव्हता. अशा मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा २००० चा कायदा लागू झाला तेव्हा ज्यांना अठरा वर्षं पूर्ण झाली होती ते त्यातून सुटले.

आठ महिने मोठे आहेत हे खरं. पण ती तीस वर्षांची होऊन "मी कुठून आले" असं विचारेल तेव्हा हाताशी जे लागेल ते आत्ता तपासलं जातंय.

---

मोरपंखी

वाटसरू, तुमचं एकूण एक वाक्य मान्य आहे. तिची फाइल मी जपून ठेवणार आहे, ती विचारेल तेव्हा तिच्याच हातात देणार आहे. पण एक सांगा, ती कुठून आली याची तपासणी नेमकी कधी होते? आईने स्वतः सोपवलं असेल तर तिला फेरविचाराला ६० दिवस मिळतात. बाळ सापडलेलं असेल तर पोलीस शोध घेतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. मग बाल कल्याण समिती ते दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर करते. हे सगळं माझ्या स्क्रीनवर फोटो येण्याच्या आधी झालेलं असतं, आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागू दे.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत काय तपासलं गेलं? आमचा पगार, आमच्या बोटांचे ठसे, आमचं पोलीस रेकॉर्ड. तेही एकाचं संपल्याशिवाय दुसरं सुरू नाही. त्यातली बरीचशी कामं एका वेळी चालू शकली असती. सुनावणी पुढे गेली त्या आठवड्यांत तर कुणी काहीच तपासलं नाही. फाइल नुसती पडून होती.

---

वाटसरू

पडून राहिली हे चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण शेवटचा आदेश निव्वळ औपचारिक आहे असं समजू नका. परदेशी दत्तकात संस्थेला ५,००० डॉलर मिळतात. म्हणून ज्याचा त्या पैशाशी काही संबंध नाही अशा कुणीतरी शेवटी एकदा सगळं उघडून बघायला हवं. पूर्वी ते न्यायाधीश करत, २०२२ पासून जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. हेतू वेग वाढवण्याचा होता. ज्या माणसाकडे पाणीटंचाई, पीकविमा आणि निवडणूक आहे त्याच्या टेबलावर दत्तकाची फाइल कितवी असणार? हे काम कोर्टाकडून काढायलाच नको होतं, असं माझं मत आहे.

---

अबोली

मी फार कमी लिहिते, पण इथे राहवलं नाही. मी स्वतः दत्तक मुलगी. अडीच वर्षांची असताना सोलापूरला घरी आले, आता तेहेतीसची आहे.

कडुनिंब, तुमच्या लिहिण्यात "इथल्या कुठल्याही घरी" असं आलंय. आमच्यासारख्यांना कुठलंही घर नको असतं हो. जे आपलं ठरलं ते हवं असतं.

आई सांगते, मी पहिले सहा महिने तिलाही मावशीच म्हणायचे. संस्थेत साडी नेसलेली प्रत्येक बाई मावशी, म्हणून हीपण मावशी. भाजीवाली आली तरी मी कडेवर घ्यायला हात पुढे करायचे. शेजारीपाजारी कौतुक करायचे, किती माणसाळलेली पोर आहे म्हणून. आई रात्री रडायची. तिला कळत होतं की माझ्या लेखी ती आणि भाजीवाली सारख्याच आहेत. ज्या दिवशी मी परक्या बाईला बघून तिच्या पदरात तोंड लपवलं, त्या दिवशी तिने घरात शिरा केला.

मी अकरा महिन्यांची असताना आले असते तर हे सहा महिने लागले असते का, मला माहीत नाही. पण मोरपंखी बांगड्यांबद्दल जे सांगतायत ते माझ्या ओळखीचं आहे. आठ महिने म्हणजे काहीच नाही असं कुणी म्हणू नये.

---

ओसरी

सोळा वर्षं एका शिशुगृहात काम करते. तुमच्या संस्थेशी माझा काही संबंध नाही. मोरपंखी, मी तुमच्या बाजूने बोलेन असं वाटलं असेल, पण मला तुम्हालाच एक विचारायचंय.

तुमचं ना हरकत प्रमाणपत्र सप्टेंबरमध्ये आलं ना? ते आल्यावर, आदेश व्हायचा असला तरी, हमीपत्र लिहून देऊन बाळाला भारतातल्या भारतात दत्तकपूर्व संगोपनासाठी ताब्यात घेता येतं. नियमातच आहे. परदेशी राहणारे पालक हे फारसं करत नाहीत कारण त्यांना इथे येऊन राहावं लागतं. मग हे अडीच महिने कलेक्टरसाहेबांचे की तुमचे?

टोमणा समजू नका. आमच्याकडे एक जोडपं आलं होतं, बाई चार महिने लातूरला भाड्याच्या खोलीत बाळाला घेऊन राहिली. पोर विमानात चढली तेव्हा तिच्यासाठी आई जुनी झाली होती.

---

मोरपंखी

ओसरी, खरं सांगते, रात्रभर झोपले नाही. आमच्या इथल्या एजन्सीने हा पर्याय एका ओळीत सांगितला होता आणि आम्ही तो बाजूला ठेवला. मला कायद्याने १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते. ती सांगलीत वापरली, तर मुलगी टेक्सासला पोचेल त्याच आठवड्यात तिला पाळणाघरात सोडावं लागेल. नवी भाषा, नवं घर, आणि आई दिवसभर गायब. म्हणून ती रजा साठवून ठेवली होती. साठवताना इथला हिशेब केला, तिथला केला नाही.

---

सातपुडा

१२ आठवडे दोघांनाही मिळतात, तुमच्या कंपन्या वेगळ्या असतील तर प्रत्येकाला पूर्ण. तुम्ही आत्ता या, तिकडे पोचल्यावर बाबांना घरी बसू दे. पैशाची ओढाताण होईल, पण मधे खंड पडणार नाही.

---

कडुनिंब

ताई, या. आमचं मत बदललेलं नाही. रांग वेगळी असायला हवी असं मी अजूनही म्हणेन, आणि जमेल तिथे लेखी कळवेनही. पण ती मुलगी आता तुमची ठरलीये, तर तिला अजून एक महिना तिथे ठेवू नका. आणि अबोली, "कुठल्याही घरी" हे माझं चुकलं. तीन वर्षं यादीतला आकडा बघून बघून माणूस असं बोलायला लागतो.

---

मोरपंखी

८ डिसेंबरचं तिकीट काढलं. संस्थेशी बोलणं झालं, हमीपत्राचा मसुदा वकिलांकडे आहे. सासूबाईंनी सांगलीच्या घरातली पुढची खोली रिकामी केली. ओसरी, येताना काय आणू? तिच्यासाठी घेतलेलं एक खोकं भरून सामान आहे. त्यातले मार्चमधले फ्रॉक आता लहान झालेत.

---

ओसरी

खेळणी नकोत. तुम्ही रोज अंगावर घेता ती ओढणी आणा, धुऊ नका.

आल्या आल्या उचलून घेऊ नका. पहिले दोन-तीन दिवस हॉलमध्ये खाली सतरंजीवर बसा आणि मावशींशी गप्पा मारा. मावशी तुमच्याशी हसतायत हे तिने बघितलं पाहिजे. तिचा मऊ भात कोण भरवतं, घास केवढा करतं, पाणी वाटीने देतात की पेल्याने, सगळं बघून घ्या आणि घरी अगदी तसंच करा.

बहुतेक ठिकाणी दुपारी पाळी बदलते. सकाळची मावशी निघाली की मुलं दाराकडे बघत रडतात. तुम्ही त्या वेळेला तिथे थांबा.