मदत हवी आहे: टीव्ही बरोबर चार मिनिटं वीस सेकंदांनी गोठतो (फ्री डिश, मल्टिकास्ट आणि एक वाडा)

वाईचा_वाडा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण पंधरा दिवस डोकं खाजवून झालं, आता जाणकारांनी हात द्यावा.

घर वाईतलं, जुना वाडा. माजघराची भिंत दोन फूट जाड, दगडाची. फायबर येतं ते पुढच्या ओसरीत. रस्ता खणला की ते तुटतं, आणि आमच्याकडे रस्ता खणायला मुहूर्त लागत नाही. आजीला मात्र संध्याकाळी सातला सह्याद्रीच्या बातम्या लागतात. नेट असो नसो. म्हणून पत्र्यावर डीडी फ्री डिशची छत्री आहे, ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ कडे तोंड करून. महिन्याचं भाडं नाही, पावसाचा जोर सोडला तर तक्रार नाही.

घरात टीव्ही चार. चार बॉक्स, चार रिमोट, चार केबली नकोत म्हणून असा घाट घातला: छत्रीची केबल माळ्यावर आणली, तिथे रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय' म्हणतो) आणि छत्रीचा सिग्नल घेणारा युएसबी ट्यूनर. त्यावर मुमुडीव्हीबी नावाचा प्रोग्रॅम. तो एका ट्रान्सपाँडरवरचे (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक, त्यावर अनेक चॅनेल एकत्र येतात) सगळे खुले चॅनेल घेतो आणि प्रत्येकाला २३९ ने सुरू होणारा एकेक मल्टिकास्ट पत्ता (एकदाच पाठवायचं, हवं त्याने घ्यायचं) देऊन लॅनवर, म्हणजे घरातल्या नेटवर्कवर, सोडतो. टीव्हीला अँड्रॉइड बॉक्स, त्यात व्हीएलसी प्लेयर आणि चॅनेलची यादी. पूर्वी ही केबल थेट आजीच्या खोलीत जायची. तो तुकडा आता माळ्यापासून तिच्या कपाटामागे नुसताच पडून आहे.

पहिल्यांदा साधा पाच पोर्टचा नेटवर्क स्विच लावला. वायरवरचे टीव्ही झकास. पण घरभरातलं वायफाय मेलं. मेलं म्हणजे अक्षरशः, व्हॉट्सॲपचा फोटोसुद्धा उघडेना. पाय बंद केला की वायफाय जिवंत.

मग कुठेतरी वाचून आठ पोर्टचा स्मार्ट स्विच आणला, त्यात आयजीएमपी (मल्टिकास्ट मागायची भाषा) स्नूपिंग चालू केलं, अनोळखी मल्टिकास्ट टाकून देण्याचा पर्यायही चालू केला. वायफाय सुधारलं. पण आता वायरवरचा टीव्ही चार मिनिटं छान चालतो आणि गोठतो. चॅनेल मागेपुढे केला की पुन्हा चार मिनिटं. आणि आजीच्या खोलीत वायर नाही, तिथे वायफाय. तिथे चित्र सुरुवातीपासूनच चौकोनाचौकोनांचं. निवेदिकेचा चेहरा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो.

चुकतंय कुठे? की मुळात घरात मल्टिकास्टच्या फंदात पडायला नको होतं?

ताकपीठ

आजीला एक सेट टॉप बॉक्स द्या की राव. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

वाईचा_वाडा

तिच्याकडे होताच. पण मग माजघरात आईला, स्वयंपाकघरात काकूला, वर मला. आणि खरं सांगायचं तर हौस.

ताकपीठ

हौस म्हणालात, आता तक्रार नाही. पुढचं वाचतो.

पाकीटवाला

चार मिनिटं म्हणजे नेमकी किती? घड्याळ लावून मोजा. अंदाजाने नको.

वाईचा_वाडा

तीनदा मोजलं. ४:२१, ४:२०, ४:२१.

पाकीटवाला

मग तुमचा ट्यूनर, छत्री, पाय सगळं निर्दोष. बिघडलेली वस्तू इतकी वेळ पाळत नाही. २६० सेकंद हा आकडा आयजीएमपीच्या नियमातच आहे.

रतीबाचं उदाहरण घ्या. टीव्हीने चॅनेल लावला की बॉक्स लॅनवर ओरडतो, "मला अमुक पत्त्यावरचं हवंय." स्विच ते कान देऊन ऐकतो (स्नूपिंग म्हणजे चोरून ऐकणंच) आणि त्या पोर्टवर रतीब सुरू करतो. बॉक्स पुन्हा आपणहून काही बोलत नाही. कोणीतरी अधूनमधून विचारायचं असतं, "रतीब चालू ठेवायचा ना?" दर १२५ सेकंदांनी विचारायचं. दोन फेऱ्या उत्तर आलं नाही, वर दहा सेकंद वाट पाहिली, की घर बंद समजून दूध बंद. १२५ अधिक १२५ अधिक १०. मांडा हिशेब.

तुमच्या घरात विचारणारा कोणी नाही. मोठ्या नेटवर्कात हे काम मल्टिकास्ट राउटर करतो. घरगुती राउटर बहुतेकदा लॅनच्या बाजूला गप्प असतो. स्विचच्या त्याच पानावर "क्वेरियर" नावाचा खटका आहे का बघा.

आणि साध्या स्विचला ऐकूच येत नाही, म्हणून तो मल्टिकास्ट सगळ्या पोर्टवर ओततो, वायफायच्या ॲक्सेस पॉइंटवरसुद्धा. अख्खा ट्रान्सपाँडर हवेत गेला तुमचा. किती होतो तो?

वाईचा_वाडा

खटका सापडला! स्नूपिंगच्या खाली दोन ओळी सोडून, बंद होता. चालू केला. माजघरातला टीव्ही दीड तास न थांबता चालू आहे. साष्टांग नमस्कार.

सगळे चॅनेल मिळून ४० एमबीपीएसच्या आत-बाहेर. एकेक चॅनेल तीन-साडेतीन.

आता आजीची खोली. क्वेरियर चालू करूनही तिथे चौकोन तसेच. सिग्नलच्या तिन्ही दांड्या भरलेल्या दिसतात, आणि त्याच बॉक्सवर यूट्यूब मात्र स्वच्छ. हे कसं काय?

पाकीटवाला

कारण यूट्यूब एकट्या तुमच्या बॉक्सशी बोलतं. वायफायवर एकास-एक पाकीट (माहितीचा तुकडा) गेलं की समोरचा "पोचलं" म्हणतो, नाही म्हटला तर ॲक्सेस पॉइंट पुन्हा पाठवतो. वेगही त्या बॉक्सला झेपेल तेवढा, शंभर-दोनशे एमबीपीएस सहज. मल्टिकास्टमध्ये ऐकणारे किती, कुठे, काही ठाऊक नसतं. त्यामुळे पोच नाही, पुन्हा पाठवणं नाही, आणि वेग सगळ्यात दूरच्या, सगळ्यात मठ्ठ उपकरणालाही कळेल एवढा खाली. २.४ गिगाहर्ट्‌झवर तो १ एमबीपीएससुद्धा असतो, ५ गिगाहर्ट्‌झवर साधारण ६. साडेतीनचा चॅनेल एकच्या नळीत कसा मावणार? सहाच्या नळीत मावतो, पण निम्म्याहून जास्त हवा एकटा खातो.

त्यात व्हिडिओची पाकिटं. प्रसारणातलं पाकीट १८८ बाइटचं, अशी सात बांधून १३१६ बाइटचं एक गाठोडं लॅनवर जातं. एक गाठोडं हरवलं की सात गेली, आणि पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चौकोन.

हे काही माझं मत नाही. इंटरनेटचे नियम करणाऱ्यांनी २०२१ मध्ये आरएफसी ९११९ नावाचा दस्तऐवज काढलाय, अख्खा याच दुखण्यावर.

तेव्हा माझा सल्ला: मल्टिकास्ट गुंडाळा. पायवर टीव्हीहेडएंड हा प्रोग्रॅम टाका, प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र प्रवाह द्या. चार टीव्ही गुणिले साडेतीन, चौदा एमबीपीएस. गिगाबिटच्या वायरला मुंगी चावल्यासारखं.

लघुलहरी_काका

मी उभा जन्म प्रसारणात काढला, ट्रान्समीटरच्या बाजूला. पाकीटवाल्यांचं निदान शंभर टक्के बरोबर, औषध मात्र पटत नाही.

प्रसारणाचं सौंदर्यच हे की पाठवणाऱ्याला ऐकणारे मोजावे लागत नाहीत. मनोऱ्याखाली एक रेडिओ असो की एक लाख, वीजबिल तेवढंच. मल्टिकास्ट हे त्याच विचाराचं नेटवर्कातलं रूप. संगणकशास्त्रज्ञ स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ मध्ये त्याचं प्रमाण लिहिलं. आज स्टुडिओ एसडीआयच्या खास व्हिडिओ केबली सोडून एसएमपीटीई २११० कडे, म्हणजे नेटवर्कवरून व्हिडिओ नेण्याच्या प्रमाणाकडे, वळतायत, ते सगळं मल्टिकास्टवरच तर चालतं. वाड्यातल्या चार टीव्हींना ते जमू नये?

दुसरं असं की स्वतंत्र प्रवाह दिलेत की प्रत्येक टीव्ही आपापला बफर (दाखवण्याआधीचा साठा) भरणार. माजघरात बातमी आधी, स्वयंपाकघरात दोन सेकंदांनी. जुन्या घरात दारं उघडी असतात. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकत जेवायला बसून बघा एकदा.

पाकीटवाला

काका, आदर आहेच. पण २११० च्या स्टुडिओत एकेक एचडी प्रवाह दीड गिगाबिटच्या घरातला असतो, सगळ्या यंत्रांना एकच घड्याळ पुरवलेलं असतं, आणि क्वेरियर बंद पडला तर रात्री दोनला उठून येणारा पगारी माणूस असतो. वाईत तो माणूस म्हणजे धागाकर्ते. शिवाय तिथे सगळी वायर. वायफायवर २११० चालवतो म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

आणि प्रतिध्वनीचं म्हणाल तर व्हीएलसीचा बफर मल्टिकास्टमध्येही असतोच.

लघुलहरी_काका

असतो, पण सगळ्यांवर सारखा ठेवला तर फरक कानाला कळत नाही. पाठवणारा एकाच क्षणी पाठवतो ना! तुमच्यात ज्याने जेव्हा टीव्ही लावला, तेव्हापासून त्याचं वेगळंच पंचांग.

वायफायबद्दल हरलो, कबूल. तिथे हवा एकच आणि भांडणारे अनेक. बरेच ॲक्सेस पॉइंट मल्टिकास्टचं शेवटच्या टप्प्यात एकास-एक करून देतात, तो पर्याय आधी बघावा. माझं म्हणणं एवढंच, की वायरवर जे उत्तम चाललंय ते वायफायच्या पापासाठी का मोडायचं?

चहा_बिस्किट

हेच भांडण देशपातळीवर चालू आहे की. मोबाइलवर थेट प्रसारण, डी२एम. प्रसारणवाले म्हणतात एकदा सोडा, सगळे ऐकतील. टेलिकॉमवाले म्हणतात आमचं एकास-एक बरं आहे. इथे आजी आहे, तिथे मंत्रालय. चालू द्या, मी बसलोय.

वाईचा_वाडा

आज काकांचं ऐकून बघितलं. ॲक्सेस पॉइंट नेटच्या कंपनीने दिलेला, त्यात तो पर्याय दिसत नाही. मग पाकीटवाल्यांचं ऐकून एक संध्याकाळ टीव्हीहेडएंड लावलं. आजीच्या खोलीत चित्र स्वच्छ झालं, एक चौकोन नाही. पण काकांचा शाप लगेच फळला. आजीला कमी ऐकू येतं, आवाज मोठा, आणि तिचा टीव्ही माजघराच्या तीन सेकंद मागे. आई म्हणाली, एकतर तो बंद कर नाहीतर हा.

म्हणजे आजीच्या खोलीतही वायरच हवी. पण मधली भिंत तीच, दोन फुटी. गवंड्याला विचारलं तर तो आधी हसला, मग म्हणाला दगड हलला तर माझी जबाबदारी नाही. विजेच्या वायरीतून नेट नेणारे जोड ॲडाप्टर कसे असतात?

स्वयंभू

विजेवरचे नका घेऊ. माझ्याकडे होते. मिक्सर लावला की नेट बसायचं. जुन्या वायरिंगमध्ये तर रामभरोसे.

धाग्यात वर लिहिलंय की छत्रीची जुनी केबल, म्हणजे कोॲक्स, आजीच्या कपाटामागे पडून आहे. तिच्यावरून मोका चालवा. दोन टोकांना दोन डब्या, मधे कोॲक्स, झालं लॅन.

लघुलहरी_काका

सावकाश. छत्रीकडून येणारा सिग्नल त्या केबलीत ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो आणि मोकाही साधारण ११२५ ते १६७५ मध्येच बोलतो. दोघे एकमेकांच्या उरावर बसतील. वर ट्यूनर एलएनबीसाठी (छत्रीच्या तोंडावरची डबी) त्याच केबलीत १३ नाहीतर १८ व्होल्ट सोडतो, ते डबीत गेले तर डबीचं काही खरं नाही.

स्वयंभू

काका, ती केबल छत्रीपासून सुटलेली आहे ना आता? छत्रीची ट्यूनरमध्ये गेली, हा तुकडा मोकळा.

लघुलहरी_काका

खरंच की. नीट वाचलं नाही, चूक माझी. मग चालेल. पण एक विचारू? ती केबल त्या भिंतीतून जाते कशी?

वाईचा_वाडा

आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. पूर्वी कोणीतरी भिंतीला आरपार भोक पाडून त्यात पीव्हीसीचा पाइप घातलाय, पाऊण इंची असावा. आत एकटी कोॲक्स. ओढली तर हलते.

लघुलहरी_काका

मग डब्यांचे पैसे वाचवा. माळ्यावरच्या टोकाला कॅट सिक्स (नेटची वायर) बांधा. दोन्ही टोकं समोरासमोर ठेवून वरून टेप घट्ट गुंडाळा. गाठ मारू नका, गाठ पाइपात अडकते. टेपवर थोडा भांडी घासायचा साबण. खालून एकाने कोॲक्स ओढायची, वरून दुसऱ्याने केबल सरळ सोडायची. कनेक्टर आधी बसवू नका, केबल बाहेर आल्यावर क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. आणि जाताना त्याच टेपमध्ये एक नायलॉनची दोरीही बांधा, पुढच्या वेळी लागते.

पाकीटवाला

+१. ही वायर त्याच स्मार्ट स्विचला लावा आणि मल्टिकास्टवर परत या. काका, वायरवर तुम्ही जिंकलात.

वाईचा_वाडा

रविवारी मी आणि चुलतभावाने ओढली. एकदा मधे अडकली, साबण लावून पुन्हा ओढली तर सुळकन आली, तिच्यामागे मूठभर माती आणि एक मेलेली पाल. क्रिंपिंग दुसऱ्या प्रयत्नात जमलं. आजीचा बॉक्स वायरवर, तीनही टीव्हींवर व्हीएलसीचा बफर एक सेकंद. काल सातच्या बातम्या तीन खोल्यांत एका सुरात.

राहता राहिला वरचा माझा टीव्ही. तिथे पाइप नाही, म्हणून तो वायफायवर टीव्हीहेडएंडचा स्वतंत्र प्रवाह घेतो. मुमुडीव्हीबीने ट्यूनर धरून ठेवलेला, तेव्हा दुसरा ट्यूनर लावावा लागला आणि छत्रीवर दोन तोंडांचा एलएनबी. आता अडचण ही, की दुसरा ट्यूनर लावल्यापासून पाय दिवसातून एकदा आपोआप रीस्टार्ट होतो. अडॅप्टर जुन्या मोबाइलचा आहे, दोन अँपिअरचा. तोच बदलू ना आधी?

स्वयंभू

तोच. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा लागतो, वर तुम्ही दोन ट्यूनर त्याच्याच जिवावर लावलेत. ट्यूनर स्वतःच्या विजेवर चालणाऱ्या युएसबी हबवर टाका.