जुन्या पीसीवर ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) इन्स्टॉल होता होत नाही, तुमचे अनुभव सांगा

मंडळी, आईचा डेस्कटॉप २०१० सालचा, कोअर टू ड्युओ, २ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून ४ जीबी रॅम. ती रोज त्यावर लिहिते आणि तिला दुसरं मशीन नकोच आहे, हात बसलाय म्हणते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ओएस टाकायला घेतलं. तीन रात्री गेल्या. कॉपी सुरू होते, कधी ४० टक्क्यांवर अडकते कधी ७० वर, एकदा तर अगदी शेवटाला येऊन मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. एका वेळी एक फाइल करप्ट म्हणून एरर, पुढच्या वेळी तीच फाइल नीट जाते आणि दुसरीच करप्ट निघते. आईचं सगळं लिखाण आधीच बाहेर काढून ठेवलंय, त्यामुळे ती काळजी नाही. ज्यांनी अशी जुनी मशीन उठवली आहेत त्यांनी नेमकं काय झालं होतं नि कशाने सुटलं ते सविस्तर लिहा. पुन्हा डाउनलोड करून बघ एवढंच सांगू नका, ते तीनदा झालंय.

*

तीनदा डाउनलोड केलंत पण चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते पडताळायचा आकडा, एकदा तरी जुळवलात का? माझी आयएसओ फाइल (डाउनलोड केलेली इन्स्टॉलरची फाइल) दिसायला पूर्ण होती, साइझही बरोबर, पण एसएचए-२५६ चा आकडा वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळेना. दोन दिवस मी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) उलथापालथ करत होतो आणि दोष फाइलमध्येच होता. आता आधी चेकसम, मग पेनड्राइव्ह, हा क्रम मी मोडत नाही.

*

दरवेळी वेगळ्या जागी अडकतंय हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. फाइल किंवा पेनड्राइव्ह खराब असेल तर गाडी बहुतेक वेळा त्याच त्या ठिकाणी थांबते. जागा बदलत असेल तर आधी रॅमवर संशय घ्या. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं आणि मला पटतच नव्हतं, कारण जुनी सिस्टीम त्याच रॅमवर दिवसभर चालायची, ब्राउझर एखाद वेळी बंद पडायचा तेवढंच. पण इन्स्टॉलर दाबून भरलेल्या फाइली रॅममध्ये उलगडतो, त्यात एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी हिशोब जुळत नाही आणि तो फाइल करप्ट आहे म्हणून सांगतो. फाइल बिचारी चांगलीच असते! मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन सुरू (बूट) करा आणि रात्रभर चालू ठेवा. माझ्याकडे पहिली फेरी स्वच्छ गेली, दुसऱ्या फेरीत एररच्या लाल ओळी यायला लागल्या. मग मशीन बंद करून, प्लग काढून, एक एक पट्टी वेगळी लावून टेस्ट केली तेव्हा चोर सापडला. पट्टीचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून बघा, चुरा झटकून मगच लावा, नुसता मळ असेल तर तेवढ्यानेही भागतं. माझी मात्र पट्टीच गेलेली होती.

*

माझा अनुभव डिस्कचा आहे. पण डिस्क चांगलीच होती हो! कॉपी होताना इतकी हळू व्हायची की मी नवीन एसएसडी मागवणारच होतो. त्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे काढले. रीअलोकेटेड सेक्टर (बिघडून बदललेले भाग) शून्य, पेंडिंग सेक्टर (बिघडल्याचा संशय असलेले भाग) शून्य, आणि यूडीएमए सीआरसी एरर काउंट मात्र शेकड्यात, वर इन्स्टॉल चालू असताना वाढतच होता. हा आकडा डिस्कच्या आतल्या बिघाडाचा नसतो, डिस्क आणि मदरबोर्डमधल्या वाटेवर डेटा बिघडला की वाढतो. कॅबिनेट उघडलं तर डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल दोन ठिकाणी चेपून वाकलेली. दुसरी केबल लावली आणि आकडा जिथल्या तिथे थांबला. तो शून्यावर परत येत नाही, तेव्हा जुना आकडा बघून घाबरू नका, वाढतोय का तेवढं बघा. पेंडिंग सेक्टर वाढत असतील तर मात्र त्या डिस्कवर काही टाकूच नका.

*

धागा लिनक्सचा असला तरी मी विंडोजबद्दल लिहिते, कारण माझी चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये असं मनापासून वाटतं. बूट मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे यूईएफआय (बूट करायची नवी पद्धत) लिहून. मी नुसत्या नावाचा निवडला आणि पुढे मेसेज आला की डिस्क जीपीटी (पार्टिशनची नवी मांडणी) आहे, इथे इन्स्टॉल होणार नाही. परत जाऊन दुसरी ओळ निवडली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. मी काय केलं तर कुठेतरी वाचून डिस्कपार्ट हे विंडोजचं पार्टिशनचं साधन उघडलं आणि क्लीन कमांड दिली. ती एका पार्टिशनला लागत नाही, अख्ख्या डिस्कला लागते. डी ड्राइव्हवर बाबांचे सगळे फोटो होते, ते गेल्यानंतर आमच्याकडे उरलेले तेवढेच. हातपाय गार पडले. सुदैवाने मी त्यानंतर त्या डिस्कवर काही लिहिलं नव्हतं. नुसत्या क्लीनने पार्टिशनची माहिती पुसली जाते, आतला डेटा तसाच राहतो, क्लीन ऑल दिलं असतं तर तोही गेला असता. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली, टेस्टडिस्क हा हरवलेली पार्टिशन शोधणारा प्रोग्राम चालवला, थोड्या वेळात डी चं पार्टिशन यादीत दिसलं. फोटो आधी बाहेर काढले, मगच पुढचं काम. जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर काय आहे ते माहीत असल्याशिवाय कमांड देऊ नका, आणि नको असलेल्या डिस्कची केबल सरळ काढूनच ठेवा.

*

जुन्या ग्राफिक्सवर बूट मेनूनंतर स्क्रीन काळी होत असेल तर मेनूत ई दाबा, linux या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट टाइप करा (अर्थात इंग्रजीत, nomodeset), एफ१० दाबा. माझं तेवढ्यात झालं.

*

बोर्डावरचा गोल सेल बघितलात का? सीआर२०३२, ३ व्होल्टचा. तो मेला की प्लग काढल्यावर तारीख मागे जाते आणि बायोसची सेटिंग मूळपदावर येतात. माझ्याकडे साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर जाऊन बसायचा, त्यामुळे काल इन्स्टॉल केलेलं विंडोज आज निळी स्क्रीन देऊन पडायचं आणि मी पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसायचो. सेल बदलला, मोड एकदा नीट लावला, आजतागायत त्रास नाही. आणि कुणी त्या मशीनवर विंडोज ११ चा आडमार्ग सुचवला तर ऐकू नका. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) ची अट चुकवता येते, पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी नावाची सूचना लागते आणि ती कोअर टू ड्युओमध्ये नाही, ते बूटच होणार नाही.

*

मीच परत, धागा काढणारा. चेकसम जुळला. मेमटेस्ट रात्री लावलं, सकाळी उठून बघतो तर लाल ओळीच लाल ओळी. एक एक पट्टी लावून बघितली, एक पूर्ण स्वच्छ, दुसरी खोडरबराने पुसून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली तरी एरर देतेच, ती काढून टाकली. उरलेल्या २ जीबीवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पहिल्याच फटक्यात गेली, वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नंतर अपडेट करायला गेलो तर रिलीज फाइल अजून वैध नाही असा एरर. कोपऱ्यात तारीख बघितली तर २०१० ची जानेवारी! सेल बदलला, तारीख लावली, अपडेट झाले. वरच्या रॅम आणि सेलच्या दोन्ही अनुभवांनी दोन वेगळे आजार पकडून दिले, खूप आभार. आईला इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला, ती दुपारपासून लिहीत बसली आहे. फक्त ब्राउझरचे चार टॅब उघडले की मशीन जड होतं, तेव्हा डीडीआर२, ८०० मेगाहर्ट्झची २ जीबीची पट्टी शोधतोय. वेगळ्या कंपनीची जुन्या पट्टीबरोबर नीट चालते का, कुणी लावून बघितली असेल तर सांगा.