मदत हवी आहे: औषधातल्या मॅक्रोगोलची अ‍ॅलर्जी, गोळ्या कशा निवडायच्या?

नमस्कार. प्रश्न वडिलांसाठी आहे, वय ७१.

गेल्या वर्षी कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायची पावडर घेतली आणि थोड्याच वेळात त्यांच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. यंदा गुडघ्यात मिथाइलप्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटचं इंजेक्शन दिलं, तर टेबलावरच बीपी उतरलं. अ‍ॅड्रेनलिन देऊन सावरलं. स्टिरॉइडची अ‍ॅलर्जी म्हणावी, तर मिथाइलप्रेडनिसोलोनच्या गोळ्या त्यांनी पूर्वी बिनतक्रार घेतल्या आहेत. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी दोन्हींतला समान घटक दाखवला: मॅक्रोगोल ३३५०, म्हणजेच पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल). पावडरीत तेच औषध, इंजेक्शनमध्ये नुसता पूरक घटक.

आता बीपी आणि शुगरच्या गोळ्यांचं काय? गोळीवरच्या चकचकीत थरात बरेचदा मॅक्रोगोल असतं म्हणे. आपल्याकडे स्ट्रिपवर मूळ औषध असतं, रंगाचं नाव असतं, बाकी सगळं 'एक्सिपिएंट्स क्यू. एस.'मध्ये (म्हणजे 'पूरक घटक, लागतील तेवढे') गुंडाळलेलं. केमिस्टकाकांनी एकाच औषधाचे वेगवेगळे ब्रँड समोर ठेवले, पण आत काय आहे हे त्यांनाही सांगता येईना. ज्याचा जीव यावर अवलंबून आहे त्याला पूर्ण यादी मिळायलाच हवी, असं मला कळकळीने वाटतं.

कंपनीकडून ही माहिती कुणी मिळवली आहे का? त्वचेची चाचणी करून घ्यावी का? पुढे गुडघ्याचं ऑपरेशनही आहे.

प्रतिसाद:
ताई, मी फार्मासिस्ट आहे. कंपनीच्या वैद्यकीय माहिती विभागाला बॅच नंबरसकट मेल करा. 'यात काय काय आहे' असं मोघम विचारू नका. 'गोळीत किंवा कोटिंगमध्ये कोणतंही मॅक्रोगोल आहे का, पॉलिसॉर्बेट ८० आहे का' असं थेट विचारा; पॉलिसॉर्बेट हे मॅक्रोगोलच्या नात्यातलं. कोटिंगचं मिश्रण बरेचदा तयार विकत घेतलेलं असतं, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख हवाच. अमेरिकेच्या डेलीमेड साइटवर पूरक घटक दिसतात, पण ते तिथल्या गोळीचे. इथली त्याच नावाची गोळी वेगळी असू शकते. ब्रँड ठरला की तो बदलू देऊ नका.

चाचणी फक्त अ‍ॅड्रेनलिनची तयारी असलेल्या हॉस्पिटलात. नुसत्या टोचणीनेही काहींना तीव्र रिअ‍ॅक्शन आली आहे. बाबांनी कोविशील्ड घेतली होती का? तिच्यात हेच पॉलिसॉर्बेट ८० असतं. ती सोसली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या बऱ्याच आधी भेटा. आणि दोन्ही घटना १८००-१८०-३०२४ या औषधांच्या दुष्परिणामांच्या सरकारी हेल्पलाइनवर नोंदवा.

धागाकर्ती:
खूप आभार. कोविशील्डचे दोन्ही डोस काही त्रास न होता झाले होते, डॉक्टरांना कळवते. बीपीच्या गोळीच्या कंपनीला आत्ताच मेल केला, उत्तर आलं की इथे टाकते. शुगरची गोळी कोटिंगशिवाय मिळते का, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.