मदत हवी आहे: क्लाउड, टिफा आणि सेफिरॉथ एकाच कमांडर डेकमध्ये कसे बसवायचे?

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या फायनल फँटसी सेटमधून (जून 2025) फक्त त्याच नावाच्या व्हिडिओ गेम मालिकेच्या सातव्या भागातल्या पात्रांचा 100 पत्त्यांचा कमांडर डेक लावतोय. कमांडर म्हणजे डेकचा म्होरक्या पत्ता; त्याच्या रंगांबाहेरचे पत्ते डेकमध्ये चालत नाहीत. ‘क्लाउड, एक्स-सोल्जर’ कमांडर ठेवला तर लाल-हिरवा-पांढरा मिळतो. टिफा हिरवी, ती बसते, पण सेफिरॉथ काळा, म्हणून बाहेर. टेरा घेतली तर काळा येतो, हिरवा जातो, म्हणजे टिफा बाद. शिवाय टेरा सहाव्या भागातली! पाचरंगी ‘जोडा, द युनिफायर’ लावून पाहिला. सगळे बसतात, पण लँड्स (रंग पुरवणारे पत्ते) जुळत नाहीत आणि तो फायनल फँटसीचाही नाही.

आमच्याकडे प्रॉक्सी (खऱ्या पत्त्याऐवजी वापरलेली नक्कल) चालत नाहीत, रंगांच्या नियमात सूटही नाही. पांढरा, काळा, हिरवा तिन्ही देणारं सातव्या भागातलंच एखादं पात्र कमांडर म्हणून छापलंय का? नसेल, तर टिफा सोडावी की सेफिरॉथ?