निधी आधी कशाला: जॉगिंग ट्रॅक की फूटपाथ?

वाटसरू:
वस्तीतलं चालणं वाढवायचं ठरलं की पैसा पहिला जातो जॉगिंग ट्रॅक आणि ओपन जिमला. माझा याला विरोध आहे. तिथे बहुतेक तेच येतात जे एरवीही व्यायाम करतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. बसथांबा १५ मिनिटांवर असेल आणि झपझप चाललं, तर पाच दिवसांच्या जाण्यायेण्यातच तेवढी भरतात. पण फूटपाथ प्रत्येक गेटपाशी उतरतो नि पुन्हा चढतो. चार गेटं झाली की माणूस कंटाळून रस्त्यावरून चालू लागतो. फूटपाथ सलग एका पातळीत हवा. चढउतार गेटातून ये-जा करणाऱ्या गाडीने करावा.

पायवाट:
असहमत. फूटपाथ उकरायचा म्हणजे खालची गटारं, केबल, झाडांची मुळं सगळं आलं. तोवर लोकांनी थांबायचं? कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, १९७० च्या दशकापासून रविवारी मोठे रस्ते काही तास वाहनांना बंद असतात. त्याला बॅरिकेड आणि माणसं पुरतात, खोदकाम लागत नाही. आधी लोक बाहेर पडू देत, फूटपाथची मागणी तेच करतील.

वाटसरू:
रविवार छानच, पण सोमवारी तोच रस्ता ओलांडायचा असतो. १४ मीटर रुंदीला सेकंदाला १.२ मीटर वेग धरून सिग्नल लावला, तर मिळतात जेमतेम १२ सेकंद. ०.८ मीटरने चालणाऱ्या वृद्धाला साडेसतरा लागतात. उरलेले साडेपाच सेकंद तो गाड्यांसमोर! रस्त्याच्या मध्ये निदान दोन मीटर रुंद थांबायची जागा द्या, म्हणजे व्हीलचेअरही मावते.

रेषा:
दोघांकडूनही गाड्यांच्या वेगाचा मुद्दा राहून गेला. चालकाचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा: ताशी ५० च्या वेगात गाडी तेवढ्यात १४ मीटर पुढे येते, ३० ला आठच. म्हणून झेब्रा क्रॉसिंग फूटपाथच्या पातळीला उचला, साधारण १० सेंटिमीटर. गाडी आपसूक हळू होते. हे फसतं ते पाण्यामुळे. उंचवट्याने कडेचा प्रवाह अडतो, तळं साचतं आणि लोक क्रॉसिंग सोडून बाजूने जातात. खालून पाइप आधी टाका. फूटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून खांब लावाल तर मधे ९० सेंटिमीटरपेक्षा कमी जागा नको, व्हीलचेअर अडकते. दुचाकी मात्र त्यातूनही घुसते, तिला पार्किंगची वेगळी जागाच आखून द्यावी लागते.

पायवाट:
उंच क्रॉसिंग मान्य, शाळेच्या दारापासून सुरुवात करा. पण ट्रॅकचा निधी तोडू नका. रस्ते सुधारेपर्यंत गुडघे दुखणाऱ्या आजींना गाड्यांची भीती नसलेली तेवढीच जागा आहे.