व्हेनिसच्या जुन्या तैलचित्राचे मूल्यांकन कोणाकडून करून घ्यावे?

लंडनवासी: नमस्कार. सासऱ्यांच्या संग्रहातील, व्हेनिसच्या सान मार्को चौकासमोरील खाडीचे एक तैलचित्र आमच्याकडे आले आहे. सही नाही, पण मागे पेन्सिलीने 'कानालेत्तो' (व्हेनिसची दृश्ये रंगवणारा अठराव्या शतकातील चित्रकार) असे लिहिलेले आहे. विम्यासाठी लेखी मूल्यांकन हवे असून 300 पौंडांपेक्षा अधिक खर्च करण्याची तयारी नाही. कोणाकडे जावे?

रंगपारखी: आधी प्रयोगशाळेत रंगांची तपासणी करून घ्या. माझ्या डच निसर्गचित्रासाठी मी हजार पौंडांहून अधिक मोजले आणि ते सार्थकी लागले. पांढऱ्या रंगात टायटेनियम सापडले, तर चित्र विसाव्या शतकातले, हे निश्चित समजा.

सुलभा_मिलान: टायटेनियम नंतरच्या डागडुजीतूनही येते, त्यामुळे नमुना कुठून घेतला हे महत्त्वाचे ठरते. त्यापेक्षा चित्रात व्हेनिसच्याच सान जॉर्जो माज्जोरे चर्चचा घंटामनोरा दिसत असेल तर तो पाहा. जुना मनोरा 1774 मध्ये कोसळला आणि नवा 1791 मध्ये उभा राहिला. शिखर कांद्याच्या आकाराचे असेल, तर दृश्य कोसळण्यापूर्वीचे आहे. व्हेनिसचाच दुसरा चित्रकार ग्वार्दी याच्या चित्रांचा काळ ठरवतानाही हाच मनोरा उपयोगी पडतो.

जुना_सभासद: सुलभाताई, त्यातून दृश्याचा काळ कळतो, कॅनव्हासचा नव्हे. कानालेत्तोच्या चित्रांवरून व्हिसेंतिनी या कलाकाराने केलेली एन्ग्रेव्हिंग्ज, म्हणजे धातूवर कोरून छापलेली चित्रे, 1735 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तसल्या छापांवरून पुढे कितीतरी नकला रंगवल्या गेल्या. त्यांत जुना मनोरा जसाच्या तसा उतरतो. मागे पेन्सिलीने लिहिलेल्या नावाला तर काहीच किंमत नाही. लाकडी चौकटीवर स्टेन्सिलने उमटवलेला काळा आकडा आहे का, ते मात्र अवश्य पाहा, कारण अशा आकड्यावरून क्रिस्टीज हे लिलावगृह आपल्या जुन्या नोंदींत चित्राचा माग काढू शकते. मोठी लिलावगृहे छायाचित्रांवरून प्राथमिक अंदाज विनामूल्य देतात. त्यांच्या उत्तरात चित्रकाराच्या नावाआधी 'आफ्टर' असेल तर नक्कल आणि 'फॉलोअर' असेल तर त्या शैलीत काम करणारा दुसरा कोणी, असा अर्थ घ्यावा. विम्याची रक्कम तशाच प्रकारचे दुसरे चित्र विकत घेण्याच्या खर्चावर ठरते, म्हणून ती लिलावाच्या अंदाजापेक्षा सहसा जास्त असते.

रंगपारखी: जुलै 2025 मध्ये लंडनच्या लिलावात कानालेत्तोच्या एका चित्राला जवळपास 3 कोटी 19 लाख पौंड मिळाले. अशा नावासाठी 300 पौंडांचा हिशेब कशाला करायचा?

जुना_सभासद: ते चित्र एकेकाळी ब्रिटनचे पंतप्रधान वॉलपोल यांच्याकडे होते. मालकीचा असा माग असल्याशिवाय त्या आकड्याशी तुलना करणे योग्य नाही.

मेधा_एडिनबरा: कोणाकडेही न्या, पण त्याआधी साफसफाई मुळीच करू नका. आमच्या चित्रावरचे पिवळट वार्निश काढताना कारागिराने पाण्यावरच्या बारीक पांढऱ्या लाटाही पुसून टाकल्या. त्याबद्दलचा माझा संताप अजून शमलेला नाही. टॉर्च बाजूने धरून इमारतींच्या कडा पाहा, कारण कानालेत्तो ओल्या रंगात पट्टीने रेषा कोरत असे. अर्थात, नकलाकारही पट्टी वापरू शकतो.

लंडनवासी: सर्वांचे मनापासून आभार. स्टेन्सिलचा आकडा नाही. चित्र विकायचे नसल्याने लिलावगृह आणि प्रयोगशाळा दोन्ही टाळून, घरातील सर्व वस्तूंचे मूल्यांकन करणाऱ्या स्थानिक मूल्यांककाला बोलावले आहे. 'व्हेनिसचे दृश्य, चित्रकार अज्ञात' अशी नोंद करण्यास तो 240 पौंडांत तयार आहे आणि आम्हाला ती मान्य आहे.