गॉडफादर: पुस्तक वाचून डोक्याचा भुगा झालाय, जाणकारांनी मदत करा

रात्रपाळी
मंडळी, गॉडफादर पिक्चर किती वेळा बघितला ते मोजणं मी कधीच सोडून दिलंय, पण पुस्तक कधी हातात घेतलं नव्हतं. गेल्या महिन्यात फुटपाथवर एक जुनी कॉपी मिळाली, पानं पिवळी, कव्हर अर्धं गायब, चार रात्रीत संपवली. गोष्ट तीच, माणसं तीच, डायलॉगपण बरेचसे तेच, पण मधेच असलं काय काय येतं की आपण नक्की काय वाचतोय असं वाटायला लागतं. माफिया डॉनच्या थोरल्या पोराच्या मैत्रिणीचं, त्या लुसीचं लास वेगासमधलं अख्खं प्रकरण, तिचं ऑपरेशन, तो डॉक्टर, मग गायक जॉनी फॉन्टेनची हॉलिवूडची पानंच्या पानं. रेल्वे स्टेशनवर मिळणारी कादंबरी वाचतोय असं वाटलं राव, आणि तरी खाली ठेववत नव्हती हेपण खरंय. तर प्रश्न असे की हा लेखक मारिओ पुझो खरंच त्या लोकांत उठबस असलेला होता का, आणि यातून दिग्दर्शक कोपोलाने तो पिक्चर काढला कसा?

खडूस_काका
उठबस कसली. बाबाने नंतर स्वतःच लिहून ठेवलंय की पुस्तक लिहीपर्यंत एकही खरा गँगस्टर त्याला भेटला नव्हता, सगळं वाचून आणि ऐकून लिहिलं. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागात वाढलेला, आईबाप इटलीहून आलेले, घरात गरिबी. गॉडफादरच्या आधी त्याच्या दोन कादंबऱ्या आल्या होत्या, १९५५ आणि १९६५ ला, समीक्षकांनी कौतुक केलं पण पैसे जवळपास शून्य. त्यातली दुसरी त्याच्या आईवर बेतलेली होती आणि त्याची सगळ्यात आवडती तीच. तर प्रकाशक काय म्हणाले, यात ते माफियाचं जरा जास्त असतं तर खपली असती! इकडे पठ्ठ्याला जुगाराचा नाद, डोक्यावर २०,००० डॉलरच्या आसपास कर्ज, घरात पाच पोरं. मग बसला लिहायला. ५,००० डॉलर आगाऊ मिळाले तेपण हप्त्याहप्त्याने, आणि १९६८ ला शेवटचा हप्ता हवा म्हणून हस्तलिखित देऊन टाकलं कारण बायकापोरांना युरोपला न्यायचं कबूल करून बसला होता. तुम्हाला जी पानं भरताड वाटतात ना ती याच घाईतली असणार असं माझं मत. युरोपहून परत येतो तर नुसत्या पेपरबॅकच्या हक्कांचे ४,१०,००० डॉलर. आईला सांगितलं तर तिला आधी चाळीस हजारच ऐकू आले, खरा आकडा कळल्यावर म्हणाली कुणाला सांगू नकोस. (आपल्याकडची कुठलीपण आजी हेच म्हणाली असती.)

आणि यातला सगळ्यात भारी भाग म्हणजे डॉन बोलायला लागला की पुझोच्या कानात आवाज यायचा तो त्याच्या आईचा. तो शांतपणा, ती माया आणि खालून ती जरब, सगळं त्या माउलीचं. पिक्चरमधे डॉन झालेल्या ब्रँडोला बघताना हे आठवून बघा एकदा.

पॉपकॉर्न
वाचनखूण साठवली. काका येऊ द्या अजून, बसलोय.

न्यूजर्सीकर
काकांनी पुस्तकाचं सांगितलं, मी पिक्चरचं लिहितो, थोडं लांबेल. पॅरामाउंट स्टुडिओने हक्क घेतले ते कादंबरी पुरी व्हायच्या आधीच, १२,५०० डॉलर देऊन, आणि पिक्चर बनलाच तर ८०,००० पर्यंत. म्हणजे फुकटातच म्हणायचं. पण घेऊन ठेवल्यावर त्यांना करायचाच नव्हता, कारण १९६८ ला त्यांचा एक माफियावरचा पिक्चर सपशेल पडलेला. मग पुस्तक ६७ आठवडे बेस्टसेलरच्या यादीत बसलं तेव्हा नाइलाज झाला. तरी खर्च नको म्हणून गोष्ट सत्तरच्या दशकात आणा, जुन्या गाड्या नको, जुने कपडे नको असं चाललेलं. बऱ्याच दिग्दर्शकांनी नकार दिला आणि शेवटी कोपोला, तोपण पहिल्यांदा नाहीच म्हणाला. त्याला पुस्तक अगदी रात्रपाळीसारखंच वाटलं, ते लुसी प्रकरण वाचूनच तो वैतागला होता. पण त्याची कंपनी कर्जात गळ्यापर्यंत, मित्राने म्हणजे जॉर्ज लुकासने समजावलं की बाबा पैसे लागतात आपल्याला. म्हणजे बघा, लिहिणारा कर्जात आणि काढणारापण कर्जात.

त्याने काय केलं, कादंबरीची पानं फाडून एका जाडजूड वहीत एकेक चिकटवली आणि बाजूच्या रिकाम्या जागेत प्रत्येक प्रसंगाचा गाभा काय, काळ कसा दाखवायचा, कुठे फसू शकतं ते सगळं लिहून काढलं. सेटवर स्क्रिप्टपेक्षा ती वहीच जास्त वापरायचा. त्या वाचनात त्याला दिसलं की आत एक बाप आणि तीन मुलं अशी जुन्या राजांच्या गोष्टीसारखी गोष्ट आहे, बाकीचं बाजूला सारलं.

पुढचं सगळं भांडण. ब्रँडो नको म्हणे, मग अटी घातल्या की स्क्रीन टेस्ट दे, पैसे जवळपास नाहीत, आणि तुझ्यामुळे शूटिंग लांबलं तर भरपाई तुझी. कोपोला कॅमेरा घेऊन त्याच्या घरीच गेला, ब्रँडोने केसांना बूट पॉलिश लावलं, गालात टिशू कोंबले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ४७ वर्षांच्या माणसाचा म्हातारा डॉन झाला. (पिक्चरमधे मग दातांवर बसवायचं खास बनवून घेतलेलं.) डॉनचा धाकटा मुलगा मायकेल झालेल्या अल पचिनोला तर शूटिंग सुरू झाल्यावरसुद्धा काढायला निघाले होते, हॉटेलात सोलोझोला गोळी घालतो तो सीन बघितला तेव्हा वाचला. घोड्याचं डोकं खरं होतं, कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कारखान्यातून आणलेलं. आणि ब्रँडोच्या मांडीवरचं मांजर स्क्रिप्टमधे नव्हतंच, स्टुडिओत फिरणारं भटकं, ते इतकं गुरगुरत होतं की काही डायलॉग नीट ऐकू येईनात.

बादवे अख्ख्या पिक्चरमधे माफिया हा शब्द एकदाही नाही, बघा तपासून. इटालियन लोकांची बदनामी होते म्हणून एक संघटना विरोधाला उभी होती आणि तिचा म्होरक्या जोसेफ कोलंबो, तोच स्वतः खऱ्याखुऱ्या माफिया कुटुंबाचा बॉस! निर्माता अल रडी त्याला जाऊन भेटला, शब्द काढून टाकतो म्हणाला, स्क्रिप्टमधे तो होताच नावापुरता. विरोध एकदम बंद. आणि शूटिंग चालू असतानाच, २८ जून १९७१ ला, न्यूयॉर्कात भर सभेत कोलंबोवर गोळ्या झाडल्या.

निवांत_नलू
तुम्ही सगळे पुस्तकाला फारच टपल्या मारताय हं. लुसीबद्दल मान्य, ते मीपण भराभर पानं उलटत काढलं. पण डॉनचा तो गुंड लुका ब्राझी, त्याला सगळे इतके का टरकतात ते पिक्चर बघून कळतं का? पुस्तकात कळतं, आणि वाचून रात्री झोप लागत नाही. वीटो म्हणजे डॉन तरुणपणी कसा होता ते सगळं पुस्तकातच होतं, पहिल्या भागात बसलं नाही म्हणून १९७४ च्या दुसऱ्या भागात वापरलं. आणि शेवट! पिक्चरमधे मायकेलच्या बायकोच्या, केच्या तोंडावर दार बंद होतं, फार थोर सीन आहे वादच नाही, पण पुस्तकात ती घर सोडून जाते, डॉनच्या घरचा वकील टॉम तिला जाऊन सगळं समजावतो, मग ती परत येते आणि शेवटच्या ओळीत चर्चमधे नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते. म्हणजे तिला सगळं माहीत आहे आणि तरी ती राहते. मला हे जास्त बोचतं, दार बंद होणं त्यामानाने सोपं वाटतं.

खडूस_काका
नलूताई शेवटाबद्दल १००% सहमत. पण बाप्तिस्मा चालू आहे आणि तिकडे एकामागून एक खून पडतायत ही गुंफण पुस्तकात नाही, ती पिक्चरची. आणि बागेत डॉन आणि मायकेल बसून बोलतात तो सीनपण पुस्तकात नाही, कोपोलाला अडलं म्हणून पटकथाकार रॉबर्ट टाउनकडून लिहून घेतला, त्याचं नावसुद्धा श्रेयनामावलीत नाही. माझा सगळ्यात आवडता सीन तोच, आता काय बोलणार.

पॉपकॉर्न
आपल्याकडे धर्मात्मा १९७५ लाच आला होता आणि मग २००५ ला सरकार. तेव्हा पुस्तक की पिक्चर असा वाद नव्हता, थेट पिक्चरवरून पिक्चर 😀

न्यूजर्सीकर
अजून एक राहिलंच. पटकथेसाठी पुझोला दोन ऑस्कर मिळाले, दोन्ही कोपोलाबरोबर. त्यानंतर त्याला वाटलं आपल्याला पटकथा लिहिता येत नाही, शिकायला पाहिजे, म्हणून त्यावरचं पुस्तक विकत आणलं. पहिल्याच प्रकरणात लिहिलेलं, गॉडफादरचा अभ्यास करा.

रात्रपाळी
हाहाहा, हे बेस्ट होतं. सगळ्यांचे आभार, काका तुमच्या त्या आईच्या आवाजामुळे आज परत पिक्चर लावतोय. नलूताई, तुम्ही म्हणताय तर पुस्तकपण पुन्हा वाचीन, पण ते लुसीचं गाळून वाचलं तर चालेल का?

निवांत_नलू
चालेल की. कोपोलाने तेच तर केलं.